भीमथडीची घोडी

सावकाश बसा. यवतमाळात असाल तर उन्हाळ्यातली दुपार टळू द्या. कपाशीची रानं मोकळी झालीत, काळ्या मातीला भेगा पडल्यात. श्वास संथ होऊ द्या. आपल्याकडे घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. आज मनानं पश्चिमेला, भीमेच्या खोऱ्यात जाऊ. कवी राजा बढे आपल्या विदर्भातले. त्यांच्या गीतातली भीमथडीची तट्टं अजून धनगरांच्या वाड्यांवर आहेत.

त्यातली एक घोडी डोळ्यांसमोर आणा. अंगानं लहान. पाठीवर सारं बिऱ्हाड: मेंढरांभोवती लावायची वाघर, घोंगड्या, भांडी, आणि वर नुकतंच जन्मलेलं कोकरू.

तिच्या खुरांकडे पाहत राहा. घाई नको. पिढ्यान्‌पिढ्या या खुरांखाली खडकाळ वाटा. ज्यांचे खूर तडकले, त्या मागं राहिल्या, त्यांची शिंगरं कमी झाली. दुष्काळात वाळल्या काडीवर जी तगली, तिचा वंश चालला. लहान अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. हेही उन्हानंच निवडलं. आणि मेंढरांत न बुजणारी घोडी धनगरानं राखली.

आता श्वास सोडा आणि थोडं खोल जा. निवड व्हायची तर निवडायला वेगळेपण हवं. प्रत्येक शिंगराला जवळजवळ प्रत्येक जनुकाची एक प्रत आईची, एक बापाची मिळते. दोघं जवळच्या नात्यातले असले, तर दोन्हींकडून तोच दोष येऊ शकतो. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचा पितृवंश तीनच नरांपाशी पोचतो. मंगोलियाचे प्रझेवाल्स्की घोडे तर डझनभर पूर्वजांवरून पुन्हा उभे राहिले. जगभरातल्या पाळीव घोड्यांत बापाकडचा वारसा फार अरुंद आहे, आईकडचा मात्र रुंद. माणसानं नर मोजके ठेवले, माद्या पुष्कळ. मला ही गोष्ट विलक्षण वाटते: घोड्यांच्या साऱ्या अनाम आयांनी ही विविधता जपली.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. आनंद वाटतो. पण बिऱ्हाड टेम्पोत चढलं की घोडीचं काम संपतं. तबेल्यात दाणा खाणाऱ्या घोडीच्या खुराची पारख कोणती वाट करणार? या प्रश्नापाशी हवं तेवढं थांबा. मग डोळ्यांसमोरच्या त्या घोडीच्या पोटातल्या शिंगराचा विचार करा: त्याचा बाप याच वाड्यावरचा आहे, की दूरच्या?