पणाविना डाव

अंधेरी, मरोळ, बोरिवली येथील गावठाणांत मराठी बोलणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज शतकानुशतके नांदत आहे. तेथील एखाद्या घरी सणाच्या दिवशी पैसा न लावता पत्त्यांचा डाव मांडला, तर तो दोष ठरतो काय?

याविषयी ख्रिस्ती आचार्यांत एकवाक्यता नाही. क्रुसापाशी शिपायांनी येशूच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या; परंतु मत्थिया या प्रेषिताची निवडही शिष्यांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. म्हणजे साधन एक, हेतू भिन्न. इंग्लंडातील प्युरिटनांनी मात्र पत्ते व फासे त्याज्यच मानले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षाग्रंथाचा निर्णय असा, की असे खेळ मूलतः अन्याय्य नव्हेत. स्वतःच्या वा आश्रितांच्या निर्वाहाचे द्रव्य त्यांत गेले, की ते अधर्म्य होतात. शिवाय त्यांची आसक्ती मनुष्याला दास करू शकते.

येथे दोष दोन आहेत. पहिला पणाचा. सर्वज्ञांच्या द्यूतलीळेतही पणाचे देणे कमळाइसांच्या अलंकारांपर्यंत आले आणि तेच विरक्तीस निमित्त झाले, हे वाचकांस ज्ञातच आहे. पैसा वगळला की हा दोष जातो. दुसरा, आसक्तीचा, जातोच असे नाही. प्रार्थनेची वेळ होताच किंवा आजाऱ्याने हाक देताच जो डाव अर्धा टाकून उठतो, त्याचा तो विरंगुळा होय. ज्याला उठवत नाही, त्याने पैसा न लावताही मन पणास लावले आहे.