रथाला काच नसते

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास देवाचे लग्न लागलेले असते, ही त्याची वरात. दोर ओढायला माणदेशच लोटतो आणि गुलाल-खोबऱ्याचा मारा असा होतो, की खोबऱ्याचा तुकडा कपाळावर बसला तरी कोणी तक्रार करत नाही. त्याच दिवशी फलटणला रामाचा रथ असतो. पुढे पुसेगावात सेवागिरी महाराजांच्या रथावर नोटांच्या माळा चढत जातात, अगदी मूळ सजावट झाकून जाईपर्यंत. तासगावचा मान भाद्रपदातला: ऋषिपंचमीला परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या मंदिरातून गणपतीचा तीन मजली रथ बाहेर पडतो आणि काशीविश्वेश्वराला भेटून परततो.

या यात्रांना भाविक मात्र काचा चढवून, एसी लावून येतो. देव उघड्यावर आणि भक्त बंद डब्यात, हा उलटा प्रकार कधी आणि का सुरू झाला?

मोटारीचा जन्म उघडाच झाला होता. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींपैकी जेमतेम दहा टक्के बंद टपाच्या होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात गेले. कारण साधे होते. बंद गाडी स्वस्तात बनू लागली, आणि परवडते म्हटल्यावर पाऊस अंगावर घ्यायला कोण थांबतो? मग एसी आला, वेग वाढला, गाडी उलटली तर काय होईल ही धास्ती वाढली. १९७६ मध्ये कॅडिलॅकने आपली एल्डोराडो ही शेवटची अमेरिकी कन्व्हर्टिबल म्हणून गाजवून विकली. १९८० च्या दशकात या गाड्या परतल्या खऱ्या, पण हौस म्हणून. भारतात २०२० च्या नव्या थारला कापडी टप मिळत होता, तरी बहुतेकांचा ओढा पक्क्या टपाकडेच राहिला.

सातारा-सांगलीची खरी उघडी गाडी म्हणजे वडापची जीप. मागे समोरासमोर दोन बाकडी, गुडघ्याला गुडघा, मांडीवर कुणाचे तरी पोर, पायरीवर दोघे लटकलेले. तिला कन्व्हर्टिबल म्हटले तर शोरूमवाले हसतील. पण सासूचे दुखणे, उसाचे बिल, मुलीचे स्थळ, सगळे त्या बाकड्यांवर निघायचे. तिचे गोडवे फार गाऊ नयेत. त्या लटकण्यात माणसे मेलीही आहेत.

इथे धर्मविचाराचा प्रश्न येतो. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे: आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय म्हणजे ते ज्यावरून धावतात ते रस्ते. या हिशेबाने बंद गाडी चांगलीच ठरायला हवी. धूळ नाही, हॉर्न नाही, मळीचा वास नाही, घोडे आपोआप शांत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहेच. अवयव आत ओढून घेणारे कासव आणि काचा वर करणारा गाडीवाला, यांत फरक तो काय?

फरक लगेच पुढच्या श्लोकात आहे. विषय दूर ठेवले तरी त्यांची गोडी उरते, असा इशारा तिथे दिला आहे. बंद गाडीत नेमके हेच होते. गाणी, थंड हवा, मोबाइल, सगळी गोडी आत. बाहेर टाकले जाते ते दुसऱ्याचे ऊन आणि दुसऱ्याचा चेहरा. हा इंद्रियनिग्रह नव्हे. ही निवड आहे, आणि ती आपल्या सोयीची आहे.

म्हणून टप काढून टाकला की माणूस मोकळा झाला, असे मात्र नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून कराड ते इस्लामपूर उघड्या गाडीतून जाऊन पाहावे. अध्यात्म दूर राहते आणि डोळे चोळत बसावे लागते. शिवाय देवाच्या रथालाही वर छत असते, कळस असतो. उघड्या असतात त्या बाजू. देव आभाळ बघायला बाहेर पडत नाही. जो देवळाच्या पायऱ्या चढू शकत नाही, त्याला दिसावे आणि त्याने आपल्याला पाहावे म्हणून तो निघतो. ज्याला दर्शन म्हणतात ते दुतर्फा असते. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंद-तरडगावच्या रस्त्याकडेला उभी असलेली माणसे याच दुतर्फा व्यवहारासाठी ताटकळत असतात.

सांगली भागातल्या दिगंबर जैन मुनींनी तर वाहनाचा प्रश्नच मुळातून सोडवला आहे. आचार्य शांतिसागरांच्या परंपरेतले हे साधू गाडीत बसतच नाहीत. विहार पायी, तोही चार हात पुढची जमीन निरखत, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. आणि पावसाळ्याचे चार महिने एका जागी मुक्काम. ना टप, ना बाजू. पण हा मार्ग संसारी माणसासाठी नाही, हे श्रावकही जाणतात. ते मुनींचा आहार झाल्यावर आपापल्या गाडीत बसून दुकानावर जातात.

संसाऱ्याने निवडली ती मधली वाट म्हणजे सनरूफ. सध्या गाडी घेताना पोरांचा हट्ट त्याचाच असतो. तो गाडी वरून उघडतो, बाजूंनी नाही. आभाळ मिळते, शेजारून चाललेला सायकलवाला मिळत नाही. म्हणजे रथात जे झाकलेले, ते इथे उघडे. आणि रथात जे उघडे, ते इथे बंद. काचेवर काळी फिल्म लावायची हौस तर इतकी, की २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तिच्यावर बंदी आणावी लागली. आतल्याला बाहेरचे दिसावे, बाहेरच्याला आतले दिसू नये, असे एकतर्फी दर्शन लोकांना हवे होते.

दोनच प्रसंगी आजही उघडी गाडी शोधली जाते: वरात आणि निवडणुकीचा निकाल. नवरदेवासाठी टप नसलेली जीप भाड्याने आणतात, फुलांनी मढवतात. निवडून आलेला सदस्य उघड्या जीपवर उभा राहतो, गुलालाने लाल होतो, वाटेत दिसेल त्याला हात जोडतो. दुसऱ्या दिवशी जीप परत जाते आणि तो काळ्या एसयूव्हीत बसतो. पुढची पाच वर्षे त्याला भेटायचे असेल तर लोकांना त्याच्या बंगल्यावर जावे लागते.