कीर्तनात उभे राहताना

गेल्या एकादशीला एक तरुण माळकरी आमच्याकडे आला. नऊ-दहा वर्षे टाळकऱ्यांत उभा राहतो, अभंग तोंडपाठ, गळाही गोड. पण बुवांना यायला उशीर झाला नि गावकरी म्हणाले, 'आज तूच उभा राहा,' की याचे हातपाय गार! म्हणाला, 'महाराज, येतं सगळं, पण लोक समोर दिसले की एक अक्षर आठवत नाही. आपल्याच्यानं हे व्हायचं नाही.'

सज्जनहो, त्याला सांगितले तेच येथे सांगतो.

हे भय आम्हांसही होते. पहिल्याच कीर्तनात अभंगाच्या दुसऱ्या चरणापाशी आलो आणि पुढचे प्रमाण आठवेना. तोंडाला कोरड पडली, गुडघे लटपटू लागले. सारी सभा आपल्यालाच हसते आहे असे वाटले. इतक्यात मागच्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने धृपद उचलले, मृदंगावर थाप पडली, मंडळी गाऊ लागली. तेवढ्या अवधीत जीव ठिकाणावर आला आणि प्रमाण आपोआप जिभेवर आले. नंतर आम्ही त्याचे पाय धरले, तर तो म्हणतो कसा, 'अरे, तू एकटा कुठं होतास? आम्ही काय नुसते टाळ कुटायला उभे होतो?'

येथेच भयाचे मूळ सापडते. 'लोक मला काय म्हणतील?' या प्रश्नात लोक थोडे असतात, 'मला' फार असते. श्रोता आलेला असतो विठोबाचे नाव ऐकायला, आणि आपण समजतो की तो आपली परीक्षा घ्यायला बसला आहे.

श्रीज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेवर निरूपण केले, तेव्हा त्यांचे वय पंधरा-सोळा वर्षांचे. समोर संतसज्जनांची सभा. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांजवळ अवधान मागते, आणि लगेच सांगते की हे प्रौढीने बोलत नाही, लाडक्या लेकराची सलगी आहे. श्रोत्यांना माउलीने माहेर मानले. माहेरी बोलायला कोणाला भीती वाटते? लेकराचे बोबडे बोल ऐकून आईला आनंदच होतो.

पण नुसता भाव ठेवून भागत नाही, अभ्यासही पाहिजे. तुकोबाराय आत्मचरित्रपर अभंगात स्पष्ट सांगतात की आरंभी एकादशीला कीर्तन करीत, तेव्हा चित्त अभ्यासात नव्हते. मग त्यांनी संतवचने विश्वासाने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. जगद्गुरू मागे उभे राहिले, मग आपल्याला लाज कसली?

म्हणून नवख्याने एवढे करावे. एकच अभंग घ्यावा, तो पाठ असावा, अर्थ उमगलेला असावा. घरी मोठ्याने म्हणावा, मग चार माणसांत सांगावा. उभे राहताच बोलण्याची घाई न करता 'रामकृष्णहरि' सावकाश म्हणावे. भजनात आवाज मोकळा होतो. विसरलो तर थांबावे आणि धृपद धरावे. मागची मंडळी सांभाळून घेतात. आणि श्रोत्यांनो, नवा पोर अडखळला तर हसू नका, टाळी धरा. तुमच्या एका हसण्याने गावाचा एक कीर्तनकार कायमचा खाली बसेल.

आता शेवटची गोष्ट. पुढे आमचे भय गेले, पार गेले. मग एके दिवशी ध्यानात आले की गादीला नमस्कार करताना मन नमत नाही, 'आज कशी रंगवतो बघा' म्हणते! ते भयापेक्षा वाईट. त्या दिवसापासून आम्ही लोकांचे भय टाकले, पण नारदांच्या गादीचा धाक ठेवला. अजूनही उभे राहताना छातीत थोडे धडधडते. ती धडधड आम्ही पांडुरंगाच्या पायी ठेवतो आणि तोंड उघडतो.

तो तरुण येत्या एकादशीला उभा राहणार आहे. आम्ही त्याच्या मागे टाळ घेऊन असू.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!