सब्र सांगण्याआधी



काही वर्षांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याकडे आला. बाळंतपणाला तीन महिने झाले होते. पत्नी जेवत नव्हती, बोलत नव्हती, बाळालाही जवळ घेत नव्हती. मी सब्र आणि जिक्र सुचवून त्याला परत पाठवले. डॉक्टरांचे नाव काढले नाही. पुढे उपचारांनी ती बहीण सावरली, अल्हम्दुलिल्लाह. पण मधल्या महिन्यांचा हिशेब माझ्या माथी आहे, असे मी मानतो.

त्यानंतर सूरह मरयम मी नव्याने वाचली. ज्यांना अल्लाहने निवडले, पवित्र केले, त्या हजरत मरयम (अ.) प्रसववेदनेत खजुराच्या बुंध्याशी येतात आणि याआधीच मरण आले असते तर बरे, असे म्हणतात. या उद्गारावर त्यांच्या ईमानची झडती घेतली जात नाही. आधी दिलासा मिळतो, मग पायाशी पाणी, हाताशी ताजे खजूर, आणि शेवटी लोकांना उत्तरे देत बसण्यातून सुटका. आपल्या घरांत हा क्रम उलटा आहे. आधी जाब, मग उपदेश. आधार आलाच तर सर्वांत शेवटी.

उदास मुलीविषयी आपण म्हणतो, 'निकाह झाला की ठीक होईल.' निकाह हे औषध नव्हे. सूरह रूमच्या एकविसाव्या आयतीत पती-पत्नीमध्ये प्रेम व दया ठेवल्याचे सांगितले आहे. ही दया दोघांनी एकमेकांवर करायची आहे. घराची शांती एकट्या पत्नीने पुरवायची नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरकामात हातभार लावत, ही हजरत आयशा (र.) यांची साक्ष आहे. शोकाकुल घरासाठी त्या जवाची पातळ लापशी, तलबीना, करायला लावत. दुःखी मनाला आधी ऊन घास द्यावा, ही आपलीच परंपरा आहे.

आणि जिथे विवाहच आजाराचे कारण असेल, मारहाण, टोमणे, हुंड्याचा तगादा असेल, तिथे सब्र सांगणे म्हणजे जुलमाला साथ देणे. हजरत साबित बिन कैस (र.) यांच्या पत्नीने आपले मन रमत नसल्याचे सांगितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही, महरची बाग परत करवून विभक्त होण्याचा मार्ग मोकळा केला.

प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची आज्ञा दिली आहे. मनाचा आजार त्यातून वगळलेला नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. मरणाची भाषा ऐकू आली, तर तिला एकटी सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दुआ करा, आणि तिचा हात धरून सोबतही जा.

अल्लाह आपल्या घरांना सुकून देवो आणि आपल्या जिभेला दया शिकवो. आमीन.