पुढचा पाय

खापरखेड्याचा एक मुलगा गुलमर्गला लहान मुलांना बर्फावर घसरायला शिकवायचा.

गावात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नसे. नागपूरजवळचं हे गाव. एका अंगाला कन्हान नदी, आजूबाजूला कोळशाच्या खाणी, आणि सगळ्यांच्या वर वीज केंद्राच्या चिमण्या. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक. वैशाखात पारा ४५ अंशांवर जायचा. बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी. गावाची बर्फाशी ओळख एवढीच.

त्याचे वडील वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. पाळी संपवून घरी आले की त्यांच्या भुवयांत काळी धूळ असायची. मुलाने आयटीआय करावं आणि केंद्रातच चिकटावं, असं त्यांना वाटे. पण कॉलेजात एनसीसीच्या शिबिराने मुलाला डोंगर दाखवले, आणि त्याचं मन तिकडेच राहिलं. वडील काही दिवस गप्प होते. मग एके रात्री जेवताना म्हणाले, "जा. पण जे शिकशील ते नीट शीक."

तो गेला. जम्मूपर्यंत रेल्वे, पुढे बस, टंगमर्गहून चाकांना साखळ्या बांधलेली जीप. पहिले दोन हिवाळे त्याने एका हॉटेलात भांडी घासली आणि उरलेल्या वेळात फळीवर उभं राहायला शिकला. स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी. दोन्ही पाय तिच्यावर पट्ट्यांनी बांधलेले, अंग आडवं, एक पाय पुढे, एक मागे. कधी टाचांकडची कड बर्फात दाबायची, कधी बोटांकडची. तो शेकडो वेळा पडला. तिसऱ्या हिवाळ्यात परीक्षा उत्तीर्ण झाला आणि एका खासगी शाळेत शिक्षक म्हणून लागला.

त्याला वरच्या उतारांवर शिकवायचं होतं. गुलमर्गचा गोंडोला २००५ पासून थेट अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ४,००० मीटरवर जातो. तिथून खाली सुटलं की वारा कानांत शिट्टी घालतो. पण त्याच्या वाट्याला आला लहान मुलांचा उतार. घराच्या छपराएवढी उंची. खाली एक चहाची टपरी. वरून येणारे तरबेज लोक त्या उताराकडे न बघताच पुढे जात. त्याला ते लागायचं.

त्या उतारावर एक चाचा होते. त्यांचे कितीतरी हिवाळे तिथेच गेले होते. ते सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि आडवी पावलं टाकत सगळा उतार पायांनी तुडवून घट्ट करत. मुलं आली की प्रत्येकाच्या हातमोज्यात बोट घालून तो ओला आहे का बघत. ओला असला तर फिरनच्या, म्हणजे अंगातल्या लांब झग्याच्या, आतल्या निखाऱ्यांच्या कांगडीवर धरून सुकवत. मुलाला वाटायचं, हे काही शिकवणं नव्हे, हे तर सांभाळणं झालं.

जानेवारीत ठाण्याचं एक कुटुंब आलं. त्यांची मुलगी सात वर्षांची. शिक्षक मराठी बोलतो हे कळल्यावर आईवडिलांना फार बरं वाटलं. त्यांनी मुलीला त्याच्या हवाली केलं.

त्याने तिला सगळं समजावून सांगितलं. "डावा पाय पुढे. गुडघे वाकव. पायांकडे बघू नकोस, जिकडे जायचं तिकडे बघ." मुलगी हुशार होती. सांगितलं ते सगळं तिला पाठ झालं. पण फळी हलली की ती तिसऱ्या क्षणाला पडायची. पहिल्या दिवशी पडली, दुसऱ्या दिवशीही पडली. तिसऱ्या दिवशी ती उताराच्या वरच बसून राहिली.

"मला नाही येणार, दादा."

"अगं, किती सोपं आहे! हा काय डोंगर आहे का? माझ्याकडे बघ."

आणि त्याने तिला करून दाखवलं. फार सुंदर दाखवलं. एखादी रेघ ओढावी तसा तो खाली गेला, वळला, थांबला. मुलगी वरून बघत होती. तिचे डोळे भरून आले. तो जितका चांगला घसरला तितकी ती त्याच्यापासून लांब गेली.

तो वैतागून वर आला. तेवढ्यात चाचा तिथे आले. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि मुलीला काश्मिरी कळत नव्हतं. त्यांनी तिचे हातमोजे काढले, कांगडीवर धरले. मग ते मुलाकडे वळले.

"खाली बस," ते म्हणाले. "गुडघ्यांवर. तिच्याएवढा हो."

तो बसला. समोर बघितलं. उभ्याने त्याला नेहमी उताराचा तळ दिसायचा, टपरी दिसायची, टपरीतला धूर दिसायचा. तिथून यातलं काही दिसत नव्हतं. समोर फक्त बर्फाची एक कड होती आणि कडेनंतर आभाळ. त्या कडेपलीकडे काय आहे हे त्याला पाठ होतं, तरी पोटात काहीतरी हललं.

चाचांनी मुलीच्या पायांतली फळी सोडवली. तिला हाताला धरून टपरीपुढे नेलं. तिथे लोकांच्या ये-जा करण्याने बर्फ काचेसारखा झाला होता. चाचा दोन पावलं धावले आणि बुटांवरच सर्रकन घसरत गेले. पांढऱ्या दाढीचा माणूस असा पोरासारखा घसरलेला पाहून मुलगी हसली. मग तीही धावली आणि घसरली. चाचांनी बोटाने खूण केली, पुन्हा. ती पुन्हा घसरली. मग तिसऱ्यांदा.

तिन्ही वेळा तिचा उजवा पाय पुढे होता.

चाचांनी मुलाकडे पाहिलं. "तुझा डावा आहे," ते म्हणाले. "तिचा उजवा आहे."

एवढंच बोलून त्यांनी खिशातून पेचकस काढला. तिच्या फळीवरच्या पट्ट्यांचे स्क्रू सैल केले, पट्टे उलट्या अंगाला फिरवले आणि परत घट्ट केले. मुलगी फळीवर उभी राहिली. त्यांनी तिला सरळ खाली सोडलं नाही. टाचांची कड दाबून आधी डावीकडे, मग उजवीकडे, असं झुलत झुलत खाली यायला लावलं. झाडावरून पान उतरतं तसं. चाचा तिच्यासमोर, उताराकडे पाठ करून, मागे मागे पावलं टाकत होते. तिचे दोन्ही हात त्यांच्या हातांत होते. अर्ध्या वाटेवर केवळ बोटं उरली, आणि मग तीही नव्हती.

संध्याकाळपर्यंत ती चार वेळा एकटी खाली आली. शेवटच्या खेपेला टपरीपाशी धपकन पडली आणि कुणी हात द्यायच्या आत उठली.

त्या रात्री मुलाला झोप आली नाही. बाहेर बर्फ पडत होता. सारखी आठवत होती खापरखेड्याच्या वसाहतीतली दुपार आणि वडिलांची सायकल.

तेव्हा तो आठ वर्षांचा होता. सगळी पोरं कैची शिकत होती. सायकलच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, डावा पाय पायडलवर, आणि उजवा दांड्याखालून पलीकडे. त्याला ते जमतच नव्हतं. तो डावखुरा होता, त्याचं सगळं अंगच दुसरीकडे वळायचं. पोरं हसत. वडील नुकतेच पाळीवरून आले होते, अंगावर कोळसा होता. ते काही न बोलता ओट्यावर बसून बघत राहिले. मग उठले, त्याला सायकलच्या उजव्या अंगाला उभं केलं.

"तुले इकडूनच जमते का?"

"हाव."

"मंग इकडूनच चढ. सायकलले काय फरक पडते?"

पण उजव्या अंगाला साखळी होती. पँट अडकली असती. वडील मातीत बसले, खिशातून सुतळी काढली आणि त्याच्या पँटचा पाय पोटरीवर घट्ट बांधला. मग कॅरिअर धरून त्याच्यामागे धावले. आठवडाभर रोज, पाळीवरून आल्यावर, आंघोळीआधी. सायकल आल्याचं त्याच्या लक्षात राहिलं होतं. सुतळी तो विसरून गेला होता.

सकाळी तो चाचांच्याही आधी उतारावर आला आणि आडवी पावलं टाकत बर्फ तुडवू लागला. चाचा आले, त्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या टोकापासून तुडवायला लागले. दोघं मध्यावर भेटले तेव्हा ऊन वर आलं होतं.

पुढे कधीतरी त्याने या फळीची गोष्ट वाचली. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मस्केगन नावाचं गाव आहे. १९६५ च्या नाताळात तिथल्या शर्मन पोपेन या माणसाने आपल्या मुली बर्फावर कशा खेळतात ते पाहिलं आणि घसरायच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांना एकच फळी करून दिली. पोरींचं ते खेळणं वाढत वाढत १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकला पोचलं. मुलाला ऑलिम्पिकपेक्षा तो अंगणात उभा राहून पोरींकडे बघणारा बाप जास्त लक्षात राहिला. त्याने वरच्या उतारांसाठी पुन्हा विचारलं नाही. त्या हिवाळ्यात त्याच्याकडे चाळीसेक मुलं शिकून गेली. कुणी दोन दिवसांत शिकलं, कुणाला आठवडा लागला. एक मुलगा शेवटपर्यंत फळीवर चढलाच नाही, त्याने सगळे दिवस बर्फाची माकडं केली, आणि चाचांनी त्यातलं एक टपरीच्या छपरावर ठेवून दिलं.

एप्रिलमध्ये तो घरी आला. गाडीतून उतरला तेव्हा उन्हाने डांबर मऊ झालं होतं. वसाहतीतली पोरं गोळा झाली.

"दादा, बर्फावर कसं घसरते जी?"

आता हे खापरखेड्यात कसं दाखवायचं? त्याने आरा मशीनवरून एक फळी आणली आणि पाण्याच्या जाड पाइपाचा हातभर तुकडा मिळवला. कडुनिंबाच्या सावलीत पाइप आडवा ठेवला, त्यावर फळी. तिच्यावर उभं राहायचं आणि तोल सांभाळायचा. डोंगरावरचे लोकही बर्फ नसताना असाच सराव करतात. पोरं एकामागून एक चढली आणि एकामागून एक पडली. हसण्याचा गोंधळ झाला.

मग त्याने फळी बाजूला ठेवली. ओट्याच्या फरशीवर पाणी शिंपडलं आणि प्रत्येकाला धावत येऊन घसरायला लावलं. स्वतः तो खाली उकिडवा बसला. त्याचं लक्ष पोरांच्या तोंडाकडे नव्हतं, पायांकडे होतं. शेजारी कोळशाचा एक तुकडा होता. ज्याचा जो पाय पुढे येई तो फळीच्या मागच्या बाजूला त्याच्या नावापुढे कोळशाने लिहून ठेवत होता. डावा. डावा. उजवा. डावा. एका बारक्या पोराचा एकदा हा पाय येई, एकदा तो. त्याच्यापुढे त्याने काही लिहिलं नाही. म्हणाला, "तू उद्या ये. आपण पाहू."

ज्याला एखादी गोष्ट येते त्याला आपली वाट इतकी पाठ होते, की तीच सगळ्यांची वाट वाटू लागते. मग तो चांगलं करून दाखवतो, पुन्हा पुन्हा दाखवतो, आणि समोरचं पोर गप्प होत जातं. त्या पोराचा पुढचा पाय कोणता, हे उभ्याने दिसत नाही. शिकवणाऱ्याने आधी खाली बसावं, एवढ्यासाठीच.

वडील पाळीवरून आले तेव्हा पोरं घरी पांगली होती. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि फळीकडे बघत उभे राहिले. उलटी करून कोळशाची नावं वाचली.

"बाबा, तुम्ही पाहा ना चढून."

"मी कायले? या वयात?"

"मी धरतो ना."

वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. त्यांनी चपला काढल्या. मुलाने फळी पाइपावर ठेवली, एका हाताने धरली, आणि त्यांच्या पायांजवळ मातीत बसला.

वडिलांनी उजवा पाय उचलला.