गंभीर संग्रहातला खेळ

टपाल तिकिटांचा कसून अभ्यास करणाऱ्या अनेकांच्या कपाटात एक वही अशी असते, जी प्रदर्शनाला कधीच जात नाही. मुख्य अल्बममध्ये १८५२ चा सिंध डाक, १८५४ ची चार आण्याची तिकिटे, जलचिन्हांचे आणि छिद्रणाचे बारकावे, भिंगाखाली ठरवलेल्या छपाईच्या छटा असतात. या दुसऱ्या वहीत मात्र फक्त हत्ती असतात, किंवा चष्मा लावलेली माणसे, किंवा १२-१२-१२ अशा तारखेचे शिक्के. नगर जिल्ह्यात तर शिक्क्यांवरच्या गावांच्या नावांतून पंगतही मांडता येते: शेवगाव तालुक्यातले भातकुडगाव, राहाता तालुक्यातली लोणी, पाथर्डी तालुक्यातली मिरी आणि शेवटी नगर तालुक्यातले जेऊर. चार पाकिटे ओळीने लावली की पान पूर्ण होते. त्यात संशोधन नाही, दुर्मिळता नाही आणि बाजारात त्याला किंमतही नाही.

अशा वहीचे गंभीर छंदात काय स्थान, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. एखाद्या गोष्टीला आयुष्य वाहिलेल्या माणसाने तिच्याशी खेळावे का? तो खेळ निष्ठेतली गळती असतो, की निष्ठेचेच एक रूप? साधना, भक्ती, विद्या या सगळ्यांबद्दल हा प्रश्न पूर्वापार विचारला गेला आहे. तिकिटांच्या छंदात तो फक्त लहान आकारात आणि हाताळता येईल असा समोर येतो.

गांभीर्याची बाजू आधी पाहावी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पारंपरिक संग्रहाला शंभरपैकी गुण दिले जातात. मांडणीतला विचार आणि संग्रहाचे महत्त्व यांना ३०, ज्ञान आणि संशोधनाला ३५, तिकिटांची स्थिती आणि दुर्मिळता यांना ३०, आणि पानांच्या देखणेपणाला ५. ही विभागणी न्याय्य आहे, कारण तिच्यामुळेच तिकिटांचा छंद टपालाच्या इतिहासाचे साधन बनला. पण आनंदाला तिच्यात रकाना नाही, आणि असूही शकत नाही. मौज मोजू लागले की ती परीक्षेचा विषय होते.

आक्षेप धर्माच्या बाजूनेही येतो, आणि तो अधिक खोल आहे. मुळात जमवणे हाच परिग्रह. त्यात खेळासाठी जमवणे म्हणजे परिग्रहावर आणखी परिग्रह. नगरमध्ये हा आक्षेप नुसता पुस्तकी राहत नाही. पाथर्डी तालुक्यातल्या चिंचोडी शिराळ येथे १९०० साली जन्मलेले आणि १९९२ साली नगरमध्येच देह ठेवलेले स्थानकवासी जैन आचार्य आनंदऋषीजी यांच्यावर भारतीय टपाल खात्याने २००२ साली तिकीट काढले. ज्यांनी स्वतःचे म्हणून काहीच ठेवले नाही, त्यांची प्रतिमा आज असंख्य लोकांच्या ठेव्यात आहे. हे कसे समजून घ्यायचे?

उत्तराची दिशा जैन विचारातच सापडते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, ती मूर्च्छेवरून केली आहे. मूर्च्छा म्हणजे वस्तूत गुंतून भान हरपणे. हा निकष लावला की दोन वह्यांची तुलना उलटते. मूर्च्छेचा धोका खरा असतो तो दुर्मिळ तिकिटाच्या पानावर. तिथे विमा असतो, कुलूप असते, दुसऱ्या संग्राहकाकडे त्याहून चांगली प्रत असल्याची बोच असते. हत्तींच्या वहीतले पान शेजारच्या मुलाने मागितले तर ते सहज दिले जाते. जे सहज सुटते ते परिग्रहाच्या व्याख्येत बसत नाही. अर्थात खेळाची वहीदेखील हट्टाची होऊ शकते: एकही हत्ती राहता कामा नये, असे वाटू लागले की तिच्यातही मूर्च्छा शिरली.

मराठी परंपरेने या प्रश्नाला दिलेले उत्तर याहून धीट आहे, आणि त्याची जागाही याच जिल्ह्यात आहे. नेवाशाला शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली; सातशे वर्षे झाली तेव्हा, १९९० साली, या ग्रंथावर तिकीटही निघाले. पुढे ‘अमृतानुभवा’त ज्ञानदेवांनी विश्वाकडे चैतन्याचा विलास म्हणून पाहिले. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातही सृष्टीच्या मागे गरज नसून लीला आहे, असा विचार येतो. ज्याला काही कमी आहे तो काम करतो; ज्याला काही कमी नाही तो खेळतो. या दृष्टीने खेळ ही गांभीर्याच्या खालची पायरी नव्हे. गरज संपल्यावर जे उरते, ते खेळाचे रूप घेते.

ही केवळ तत्त्वाची गोष्ट नाही, हे एकनाथांच्या कामावरून दिसते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. शब्द न् शब्द तपासण्याचे ते काम आजच्या कोणत्याही पाठसंशोधकाला मान खाली घालायला लावील इतके काटेकोर होते. त्याच एकनाथांनी विंचू, जोशी, गोंधळी, भूत अशा सोंगांतून भारुडे रचली. पाठशुद्धी हे खरे काम आणि भारूड हा विरंगुळा, असा भेद वारकरी संप्रदायाने कधी केला नाही. दोन्ही कीर्तनात शेजारी शेजारी चालतात. वारीतही तसेच: त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातून जाते, आणि पंढरीच्या वाटेवर फुगडी घालणाऱ्या वारकऱ्याची निष्ठा त्यामुळे उणी झाली असे कोणी मानत नाही.

पत्रांच्या संदर्भात याचे सर्वांत बोलके उदाहरण नगरच्या किल्ल्यात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला तिथे कैदेत ठेवले गेले. नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले. मौलाना आझाद कुराणाचे भाष्यकार, त्या मंडळींतले सर्वांत विद्वान धर्मपंडित. त्यांनी तिथून आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उर्दूत पत्रे लिहिली. त्यांत तत्त्वचिंतन आहे, ईश्वराच्या अस्तित्वाची चर्चा आहे, आणि तितक्याच मन लावून लिहिलेली चिनी चहाची आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांचीही वर्णने आहेत. कैदेच्या बंधनांमुळे ती पत्रे रवाना होऊ शकली नाहीत. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. ईश्वराच्या चर्चेने चिमण्यांना बाजूला सारले नाही, आणि चिमण्यांनी त्या चर्चेचे वजन घटवले नाही. आझादांवर १९६६ आणि १९८८ साली तिकिटे निघाली. नगरच्या शिक्क्यासह त्यांचे एखादे तिकीट आणि शेजारी चिमणीचे तिकीट, असे पान एखाद्या संग्राहकाने केले तर त्याला गुण मिळणार नाहीत, पण त्या पानात त्या पत्रांचे मर्म उतरेल.

सर्वांत अवघड कसोटी सुगंधी तिकिटांची. भारतीय टपाल खात्याने २००६ मध्ये चंदनाचा, २००७ मध्ये गुलाबाचा आणि २००८ मध्ये मोगऱ्याचा वास असलेली तिकिटे काढली. काटेकोर संग्राहक ती बंद पाकिटात ठेवतो, कारण हवा लागली की वास उडतो. मग सुगंध टिकतो, पण तो कोणालाच मिळत नाही. खेळाच्या वहीत तेच तिकीट उघडे असते. घरी आलेल्या माणसापुढे पान धरले जाते, तो हुंगतो, हसतो, आणि दर वेळी चंदन थोडे कमी होते.