जुळणारा हिशेब आणि खरा हिशेब

हिशेब जुळला म्हणजे तो खरा ठरला, अशी आपली एक जुनी आणि सोयीची समजूत आहे. ती केवळ व्यापाऱ्यांची नाही. ‘त्याचा हिशेब चोख आहे’ असे आपण एखाद्या माणसाच्या चारित्र्याविषयीही म्हणतो, आणि तसे म्हणताना चोखपणा व सचोटी या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार करण्याची एक जागा नीतिशास्त्राच्या ग्रंथांबाहेर आहे. वाणिज्य शाखेत आर्थिक लेखांकनाचा जो मधल्या टप्प्याचा अभ्यासक्रम शिकवला जातो, त्यात हा प्रश्न अगदी उघडपणे समोर येतो. हा अभ्यासक्रम आता पुष्कळ विद्यार्थी महाविद्यालयाच्या वर्गात न जाता घरी, पडद्यासमोर एकट्याने बसून करू लागले आहेत. त्यामुळे त्या प्रश्नाला एक नवी धारही आली आहे.

मराठी मनात हिशेबाच्या चोखपणाचा आदर्श एकनाथांच्या कथेने रुजवला आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांकडे हिशेबाचे काम आले. एका पैची चूक सापडेना. सारी रात्र दिव्याच्या उजेडात गेली. आणि पहाटे चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी एवढी एकाग्रता, तर परमार्थासाठी केवढी हवी, असा बोध गुरूंनी त्यावर केला, असे परंपरा सांगते. कथेचा रोख अर्थातच एकाग्रतेवर आहे. पण तिच्या पोटात हिशेबाविषयीची एक धारणाही दडलेली आहे: चूक कोठेतरी निश्चितपणे असते, ती एकच असते आणि पुरेसे जागरण केले की ती सापडते. सापडली की शंका उरत नाही.

लेखांकनाच्या पहिल्या टप्प्यावर विद्यार्थी शिकतो ते हेच. लुका पाचोली या इटालियन गणिती भिक्षूने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन केले, तेव्हापासून तिचे मूलतत्त्व बदललेले नाही. प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू. जितके नावे, तितकेच जमा. कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज; तेरजेच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या की विद्यार्थ्याला नाथांच्या टाळीचा अल्पांश लाभतो.

परंतु हा आनंद आता यंत्राने फार स्वस्त केला आहे, आणि ते जेथे घडते त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलिपुरम मार्गावरील सिरुसेरी. एके काळचे हे साधे गाव आज तमिळनाडू शासनाच्या ‘सिपकॉट’ या महामंडळाच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे ओळखले जाते. कार्लोस ऑट या वास्तुशिल्पज्ञाने आखलेले टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे विस्तीर्ण संकुल तेथे आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही गणिताची संस्थाही तेथेच आहे. अशा उद्यानांतून दूरदेशींच्या कंपन्यांसाठी ज्या संगणकप्रणाली लिहिल्या आणि सांभाळल्या जातात, त्या न जुळणारी नोंद मुळात स्वीकारतच नाहीत. नावे आणि जमा सारखे नसतील तर नोंद पुढे सरकत नाही. नाथांची रात्र तेथे संपली आहे.

तमिळ भूमीवर मराठी माणसाने हिशेब सांभाळणे ही गोष्ट मात्र नवी नाही. तंजावरच्या भोसले घराण्याच्या राज्यात, १६७६ पासून १८५५ पर्यंत, मोडी लिपीतले मराठी दप्तर नांदत होते. त्यातले कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. त्याच तंजावरी मराठी समाजातले टी. माधवराव १८४८ मध्ये मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीस लागले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. आज नोकरीनिमित्त त्या मार्गावर राहणारी एखादी मराठी तरुणी रात्रपाळीआधी वा नंतर लेखांकनाचा अभ्यासक्रम पडद्यावर उघडत असेल, तर ती त्याच परंपरेच्या दूरच्या टोकाशी बसली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढील विवेचनापुरती अशी एक विद्यार्थिनी आपण कल्पनेने डोळ्यांसमोर ठेवू.

पहिला टप्पा तिने पार केला आहे. दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्याच काही धड्यांत तिच्या पायाखालची जमीन हलते. एका कारखान्याने दहा लाख रुपयांचे यंत्र घेतले. ते किती वर्षे चालेल? पाच वर्षे धरली तर दर वर्षी दोन लाखांचा घसारा. दहा धरली तर एक लाखाचा. त्या वर्षीचा नफा एका लाखाने वर वा खाली जातो, आणि तेरीज दोन्ही वेळा तितकीच चोख जुळते. दुसरे उदाहरण उधारीचे. ग्राहकांकडून एक कोटी रुपये येणे आहे. त्यातले किती बुडतील? शेकडा दोन म्हटले तर दोन लाखांची तरतूद, शेकडा दहा म्हटले तर दहा लाखांची. येथेही दोन्ही हिशेब जुळतात. पाठीमागे जाऊन शोधावी अशी पै कोठेच हरवलेली नाही. उत्तर पुढे, अजून न आलेल्या काळात आहे. जुन्या मराठी कारभारात अशा अंदाजाला ‘अजमास’ म्हणत. मधल्या टप्प्याचे लेखांकन हे बहुतांशी अजमासाचे शास्त्र आहे.

कायद्याच्या भाषेतही हा फरक उमटलेला दिसतो. आपल्याकडील १९१३ च्या कंपनी कायद्यात लेखापरीक्षकाने ताळेबंद हा कंपनीच्या स्थितीचे ‘खरे आणि बिनचूक’ चित्र दाखवतो की नाही, हे सांगावे अशी अपेक्षा होती. १९५६ च्या कायद्यात ‘बिनचूक’ जाऊन त्या जागी ‘रास्त’ या अर्थाचा शब्द आला, आणि २०१३ च्या कायद्यानेही तोच ठेवला. बदल एका विशेषणाचा आहे, पण त्यामागे एक मोठी कबुली आहे. ज्या आकड्यांत भविष्याचा अंदाज मिसळलेला आहे ते बिनचूक असूच शकत नाहीत. ते फार तर रास्त असू शकतात. आणि रास्तपणा हा अंकगणिताचा गुण नसून माणसाच्या वागण्याचा गुण आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. अंदाजाला दार उघडे केले की लबाडीलाही ते उघडे होते. तेव्हा हिशेबनिसाने प्रत्यक्ष घडलेल्या, पावती असलेल्या गोष्टीच नोंदवाव्यात, असे कोणी म्हणेल. पण अंदाज न करण्याची सोय येथे नाहीच. उधारीवर काहीही तरतूद केली नाही, तर त्याचा अर्थ ‘शेवटचा रुपयाही वसूल होईल’ असा होतो. तोही अंदाजच, आणि बहुधा सर्वांत भाबडा वा सर्वांत बेरकी. शिवाय लबाडीला अंदाजाचे दार लागतेच असेही नाही. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँकेतील शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बँकेतली शिल्लक ही अंदाजाची बाब नव्हे. पावतीने सिद्ध होण्यासारखी याहून सोपी गोष्ट हिशेबात दुसरी नसेल. तरीही वर्षानुवर्षे तो ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळत होता. खोटी जमा दाखवताना तिच्यासमोर खोटी विक्री दाखवली की तराजू समतोलच राहतो. जुळणे ही खरेपणाची अट आहे. तिला खरेपणाचा पुरावा मानले की फसगत ठरलेली.

मग रास्त अंदाज म्हणजे काय? येथे दुसऱ्या एका संताची कथा उपयोगी पडते. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने कुळे देशोधडीला लागली. परंपरा असे सांगते की तुकोबांनी घरातली कर्जखते इंद्रायणीत बुडवली. मात्र धाकटे बंधू कान्होबा यांनी आपला वाटा मागितल्यावर निम्मी खते त्यांना देऊन, उरलेल्या आपल्या वाट्याचीच बुडवली. ‘बुडीत कर्ज’ हा शब्द आपण रोज वापरतो. येथे त्याचा वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ एकत्र आलेले दिसतात. कथेचा आध्यात्मिक अर्थ वेगळा आहे आणि तो तसाच राहू द्यावा. पण हिशेबाच्या अंगाने पाहिले तर तिच्यात दोन गोष्टी ठळक दिसतात. ज्यांच्याकडून येणे होते ती माणसे खतांवरची नावे म्हणून न पाहता माणसे म्हणून पाहिली गेली. आणि दुसरी गोष्ट, तोटा सोसण्याचा निर्णय स्वतःच्या वाट्यापुरताच घेतला गेला. भावाच्या पैशावर त्यांनी उदारपणा केला नाही.

आधुनिक हिशेबनिसाची अडचण नेमकी येथे सुरू होते. त्याच्या हातातली खते सदैव दुसऱ्याची असतात. तरतूद कमी दाखवली तर आजचा भागधारक सुखावतो आणि उद्या समभाग घेणारा ठकतो. जास्त दाखवली तर याच्या उलट. ज्या माणसांना त्याचा आकडा वाचून आपली पुंजी गुंतवायची वा काढायची आहे, ती त्याला कधी भेटणार नाहीत. म्हणून रास्त अंदाज म्हणजे जो आपल्या सोयीकडे झुकत नाही आणि ज्याची कारणे त्या न भेटणाऱ्या वाचकासमोर मांडता येतात, असा अंदाज. तो पुढे चुकीचा ठरला तरी अप्रामाणिक ठरत नाही. आणि योगायोगाने बरोबर आलेला आकडा तेवढ्याने प्रामाणिक होत नाही.

आता पडद्यासमोरच्या विद्यार्थिनीकडे वळावे. दूरशिक्षणाच्या या नव्या रूपाला नाक मुरडण्याचे कारण नाही. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एनपीटेल’ हा उपक्रम सुरू केला. त्याचे एक प्रमुख केंद्र असलेली आयआयटी मद्रास सिरुसेरीच्या त्याच रस्त्याच्या उत्तर टोकाशी आहे. २०१७ मध्ये केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ आले. नोकरी, संसार आणि अंतर यांमुळे ज्यांना वर्गात बसणे कधीच शक्य झाले नसते, त्यांच्यापर्यंत उत्तम अध्यापकांचे शब्द त्यामुळे पोहोचले. हा लाभ लहान नाही.

तथापि या पद्धतीची एक मर्यादा याच विषयात विशेष जाणवते. हजारो उत्तरे जेव्हा यंत्राला तपासायची असतात, तेव्हा एकच उत्तर असलेले प्रश्नच सोयीचे पडतात. ‘यंत्र पाच वर्षे चालेल असे धरून घसारा काढा’ हे विचारता येते. ‘पाचच का धरावीत’ हे विचारणे कठीण होते. म्हणजे अंदाज प्रश्नकर्त्यानेच करून दिलेला असतो आणि विद्यार्थिनीकडे उरतो तो पुन्हा पहिल्या टप्प्याचा गुणाकार-भागाकार. जे शिकण्यासाठी हा मधला टप्पा आहे, तेच परीक्षेतून निसटते. वर्गात चाळीस जणांनी चाळीस टक्के सुचवले असते, अध्यापकाने एखाद्याला उभे करून कारण विचारले असते, आणि आपल्यासारखाच शहाणा माणूस वेगळ्या आकड्यावर का पोहोचला, हे ऐकावे लागले असते. रास्तपणाचा पहिला धडा तो असतो.

त्यात आता आणखी भर पडली आहे. सोडवलेली उत्तरे तर जवळ असतातच. पण प्रश्न टाकताच कारणांसह उत्तर लिहून देणारी यंत्रेही हाताशी आली आहेत. विद्यार्थिनीने त्यांची मदत घेऊ नये असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. फरक पडतो तो क्रमाने. स्वतःचा अंदाज आणि त्याचे कारण कागदावर लिहून मग उत्तर पाहिले, तर दोहोंमधले अंतर काही शिकवते. आधीच उत्तर पाहिले तर ते पटते, आणि पटणे म्हणजे समजणे असा भास होतो. त्या रात्री तिने कोणता क्रम पाळला हे कोणालाही कळणार नाही. गुणपत्रिकेत तर नाहीच. पण हिशेबनिसाच्या पुढल्या आयुष्यातली परिस्थिती हुबेहूब हीच असते. तो तरतुदीचा आकडा ठरवत असताना कोणी पाहत नसते, कोणताही आकडा घातला तरी तेरीज जुळणार असते, आणि सोयीचा आकडा नजरेसमोर असतो. तेव्हा एकटीने केलेला हा अभ्यास केवळ उणिवेचा नाही. नीट केला तर तो या व्यवसायाच्या एकांताची खरी तालीम ठरू शकतो.

अशा अभ्यासाला एक साधी जोड देता येईल, आणि ती बाहेरून आणावी लागणार नाही. ताळेबंदाच्या पाठोपाठ टिपा छापलेल्या असतात. घसारा कोणत्या पद्धतीने काढला, यंत्राचे आयुष्य किती धरले, कोणती उधारी संशयित मानली, हे त्यांत शब्दांनी सांगावे लागते. आकड्यांच्या शेजारी असलेला हा गद्य भाग वाचक सहसा ओलांडून जातो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो ओळखीचा वाटावा. कारण निर्णयाचे कारण दुसऱ्याला पटेल अशा भाषेत मांडणे हेच समीक्षेचेही काम आहे, आणि गुळगुळीत वाक्याआड कारण लपवणे हा दोन्हीकडचा दोष आहे. प्रत्येक उदाहरणाबरोबर चार ओळींची टीप स्वतःच्या शब्दांत लिहावी, आणि ती कोणा माणसाने वाचावी, एवढी अट अभ्यासक्रमांनी घातली तरी निसटलेले पुष्कळ काही परत येईल.

यंत्रे यापुढे बेरीज तर करतीलच, मागील वर्षांच्या आकड्यांवरून अंदाजही सुचवतील, आणि तो पुष्कळदा आपल्यापेक्षा बराही असेल. ताळेबंदावर सही मात्र माणसाचीच लागते. ती करणाऱ्याला हा आकडा कोठून आला असे कोणी विचारले, तर त्याच्याजवळ स्वतःचे उत्तर असले पाहिजे. आणि ते घडवण्याची वेळ सहीच्या दिवशी येत नाही, ती अभ्यासाच्या या रात्रींतच असते.